प्रतिपक्षाची कैफियत

ऑक्टोबरच्या मध्यास पैठणच्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयातील उपयुक्त साठा पासष्ट टक्क्यांच्या खाली असला, की ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातील धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो, आणि त्यासरशी नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा जुना वाद नव्या त्वेषाने पेटतो. समन्यायी वाटपाचे तत्त्व २००५ च्या कायद्याने घालून दिले, न्यायालयांनीही त्यावर निवाडे केले. तरीही २०२३ साली साडेआठ टीएमसीहून अधिक पाणी सोडण्याचा हुकूम निघाला तेव्हा दोन्ही मुलुखांतील सभांमध्ये प्रतिपक्षाच्या हेतूंचीच चिकित्सा अधिक झाली.

इगतपुरीत राहणाऱ्यास या वादातील एक बाजू जणू जन्मानेच प्राप्त होते. ज्या तालुक्यावर आषाढ-श्रावणात अहोरात्र पर्जन्य कोसळतो, ज्याने इंग्रजी अमदानीत दारणा धरणासाठी आणि पुढे वैतरणा, मुकणे, भावली यांसाठी आपल्या जमिनी दिल्या, त्याच तालुक्यातील वाड्यापाड्यांवरच्या स्त्रिया वैशाखात हंडे घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या राहाव्यात, आणि येथून सोडलेले पाणी पैठणास पोहोचेपर्यंत त्याचा मोठा हिस्सा वाटेतच जिरून जावा, ही फिर्याद सर्वस्वी रास्त आहे.

परंतु पैठणकडची कैफियतही तितकीच रास्त आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते ज्या धरणाची पायाभरणी झाली, त्याच्या भरवशावर कालव्याखालील रयतेने शेती मांडली आणि छत्रपती संभाजीनगरासारखे शहर वाढले. पुढे वरच्या अंगास एकामागून एक धरणे झाली, तेव्हा खालच्या रयतेचा हिशेब कोणी विचारला, हा तिचा प्रश्न आपण क्वचितच शेवटपर्यंत ऐकून घेतो.

आपल्या शास्त्रकारांनी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, समग्र सामर्थ्यानिशी मांडल्यावाचून सिद्धान्ताचा उच्चार केला नाही. पैठणच्या शेतकऱ्याने आपले म्हणणे नाशिककराच्या मुखातून ऐकून ‘होय, मला हेच सांगावयाचे होते’ अशी कबुली द्यावी, इतक्या निष्ठेने ते मांडता आल्यानंतरच नाशिककराने आपला दावा दाखल करावा, आणि पैठणकरानेही इगतपुरीच्या पाड्यांविषयी तेच करावे, ही शिस्त मी मागतो. तीत आपल्या मताचा त्याग नाही. आपल्या दृष्टीच्या मर्यादेची जाणीव मात्र आहे. ती जाणीव असेल, तर पाणी कोणाच्या मालकीचे, या निष्फळ प्रश्नावरून वाद पिकांची निवड, कालव्यांची गळती आणि पिण्याच्या पाण्याचा राखीव साठा या सोडविता येण्याजोग्या प्रश्नांवर येईल. कारण उसाचा मोह खोऱ्याच्या दोन्ही टोकांना आहे.

सह्याद्रीच्या पश्चिमेस वाहून जाणारे पाणी गोदावरीत वळवावे, या मागणीवर आज दोन्ही पक्षांचे मतैक्य आहे. हे मतैक्य स्वागतार्ह असले, तरी त्या उतारावरील आदिवासी गावांचा आणि वैतरणेच्या पाण्यावर जगणाऱ्या मुंबईचाही एक पूर्वपक्ष आहे. कुदळ पडण्यापूर्वी तो ऐकून घेणे, हे आपल्या विनयाचे पहिले कर्तव्य होय.