लॅबच्या नाकाला काम द्या, पाखरांच्या मागे लावू नका

दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या मराठी घरांत हल्ली लॅब्रेडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनिअल सर्रास दिसतात. सोफ्यावर लोळणारी ही गुणी मंडळी मुळात शिकारी कुत्री. आपल्याकडचं कारवान कुत्रं डोळ्यांनी सावज हेरतं आणि पळून गाठतं. यांचं सगळं काम नाकावर. गवतात दडलेलं पाखरू हुडकायचं आणि बंदुकीने पडलेलं पाखरू दात न लावता मालकाच्या हातात आणून द्यायचं, यासाठी ब्रिटनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या त्यांची निवड झाली. 1865 साली इंग्लंडमध्ये बेडफर्डशरमधल्या साउथिल इथे पॉइंटर-सेटर कुत्र्यांची पहिली फील्ड ट्रायल भरली आणि कुत्र्याचं नाक जोखणं हा तिकडे रीतसर छंद झाला.

त्या स्पर्धांचे व्हिडिओ बघून तुम्हालाही वाटेल, आपल्या लॅबला रविवारी सुलतानपूर किंवा नजफगढच्या पाणथळीवर मोकळं सोडावं, बघू काय करतो. हात जोडून सांगणं आहे, तसं करू नका.

पहिलं कारण कायद्याचं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे केवळ जीव घेणं नव्हे. वन्य पाखराला पकडणं, हाकणं, तसा प्रयत्न करणं, त्याची अंडी-घरटी बिघडवणं हे सगळं त्यात मोडतं. ‘आम्ही कुठे गोळी झाडली?’ हा बचाव तिथे पुरत नाही.

दुसरं कारण डोळ्यांनी दिसणारं. टिटवी उघड्या जमिनीवर, चार खडे मांडून अंडी घालते. तित्तर गवताच्या बुडाशी बसतो. एक लॅब नाक खाली घालून दहा मिनिटं बागडला की अशा जागेची वाट लागते, आणि त्याने काही वाईट केलं असं त्याला वाटतही नाही. याच एनसीआरमध्ये आता भरतपूर येतं. तिथे 12 नोव्हेंबर 1938 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या मंडळींनी एका दिवसात 4,273 पाखरं मारली. आज तीच जागा केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे. पाखरांना मोठ्या मुश्किलीने मिळालेला हा निवारा आपल्या हौसेपायी विस्कटू नये.

मग कुत्र्याने करायचं काय? त्याला काम हवंच. बसून राहिलेला लॅब आधी सुटतो आणि मग घर कुरतडतो. त्याच्या नाकाची ताकद मुंबईकरांनी 1993च्या बॉम्बस्फोटांनंतर पाहिली आहे. पोलिसांच्या ‘जंजीर’ने तेव्हा ढिगाने स्फोटकं हुडकून दिली, तोही लॅबच. आपल्या शेजारच्या मेरठमध्ये लष्कराच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रात लॅब याच कामासाठी तयार होतात. पाखराशिवाय नाक चालतं, याचा याहून मोठा पुरावा नको.

घरी असं करा. जाड कॅनव्हासची, साधारण अर्ध्या किलोची डमी घ्या. ब्रिटनमध्येही पाखरांऐवजी डमी वापरून कुत्र्यांच्या कामाच्या चाचण्या घेतात. कुणाचं कुंपण घातलेलं फार्महाउस असेल तर परवानगी काढा, नाहीतर सोसायटीच्या मैदानात लांब दोरी लावून चालेल. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत आटपा. कुत्र्याला बसवा, डमी उंच गवतात फेका आणि नाव घेईपर्यंत त्याला उठू देऊ नका. खरी कसोटी इथेच असते. धावणं सगळ्यांना येतं, थांबणं शिकवावं लागतं. वारा डमीकडून कुत्र्याकडे येईल असं उभं राहा. मग बघा, धावता धावता त्याचं डोकं झटकन वळतं, शेपटीचा वेग वाढतो आणि तो वासाच्या रेषेत शिरतो. डमी आणली की हिसकावू नका. हाताखाली हात धरा, त्याने सोडली की शाबासकी द्या. हे जमलं की त्याच्या नकळत डमी लपवून हुडकायला लावा.

आता पैदाशीबद्दल. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ हा सल्ला नातेवाईक आणि शेजारी फुकट देतात. तो ऐकू नका. 2017च्या श्वान पैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय आणि आठ वर्षांची झाल्यावर तिची वीण घ्यायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त विणी नाहीत, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. शिवाय लॅब आणि गोल्डनमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष आईबापांकडून पिल्लांत उतरतो. एक्स-रे न काढता जोडी लावणं म्हणजे पुढच्या घराला लंगडं कुत्रं देणं.

पिल्लू विकत घ्यायचंच असेल तर विक्रेत्याला मायक्रोचिप आणि नोंदणीचे कागद मागा, आईला प्रत्यक्ष बघा, आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे विचारा. गाडीत किंवा रस्त्यावर पिल्लू हातात ठेवणाऱ्याला नकार द्या. घरी आणलं की महानगरपालिकेत नोंदणी आणि रेबीजची लस चुकवू नका. त्याहून चांगलं म्हणजे आधी डिफेन्स कॉलनीतलं फ्रेंडिकोज किंवा राजा गार्डनचं संजय गांधी ॲनिमल केअर सेंटर इथे एक फेरी मारा. हौस म्हणून आणलेली आणि मन भरल्यावर सोडून दिलेली जातिवंत कुत्रीही अशा निवाऱ्यांत येतात. त्यांचं नाक अजून शाबूत असतं. त्यातलं एक घरी न्या आणि उद्या सकाळी त्याच्यासाठी गवतात डमी फेका.