शनिवारची शाळा आणि तिसरा रकाना

मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी ‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम जाहीर केला. आठवड्यातून एक दिवस पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मुलांनी खेळातून, कलेतून, भोवतालच्या जीवनातून शिकावे, असा त्याचा आशय. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवीच्या काळात मुलांनी दहा दिवस दप्तराविना, गावच्या कारागिरांच्या सहवासात काढावेत, असे सुचविले होते. या कल्पनेला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. परंतु १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर झाकीर हुसेन समितीने शाळेच्या रोजच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगासाठी राखून ठेवली होती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना आठवड्याच्या एका सकाळचे हे अप्रूप पाहून थोडे हसू येईल.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका शनिवारी एका जिल्हा परिषद शाळेच्या सातवीच्या वर्गासोबत हिंडण्याचा योग आला. गावचा आठवडी बाजार शनिवारचाच. गुरुजींनी मुलांना दोघादोघांनी बाजारात धाडले. माल कितीला घेतला, कितीला विकला, टेम्पोचे भाडे किती, जागेची पावती किती, हे विचारून यायचे आणि वर्गात नफा-तोटा काढायचा. एका मुलीने थेट आपल्या आईलाच गाठले. आई मेथी-कोथिंबीर विकते. हिशेब पुरा झाला, नफा निघाला दोनशे साठ रुपये. मुलीने मग विचारले, “गुरुजी, आई पहाटे चारला उठते, ते कोणत्या रकान्यात लिहायचं?” खरेदी आणि विक्री या दोन रकान्यांत ते बसेना. गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तूच तिसरा रकाना आख.” चार ते दोन असे दहा तास धरले, तेव्हा तासाला सव्वीस रुपये पडले. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, खुरपणीला गेली तर याहून जास्त मिळतील. मग ती बाजारात का बसते? याचे उत्तर घरोघर विचारून आणायचे आणि पुढच्या शनिवारी त्यावर बोलायचे, असे ठरले.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. स्वयंरोजगारातील श्रमाचे मोल हा प्रश्न पदव्युत्तर वर्गातही इतक्या नेमकेपणाने कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

पुढचा शनिवार मात्र झालाच नाही. गुरुजींना कसल्याशा सरकारी कामासाठी तालुक्याला बोलावणे आले. राहिलेल्या एका शिक्षकाने तीन वर्ग एकत्र बसवून रंगकाम दिले, आणि उपक्रम पार पडल्याचे छायाचित्र वर पाठविले.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत उच्च प्राथमिक शाळेचा पट १०० पेक्षा अधिक असल्यास कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यावेत, अशी तरतूद आहे. महाराष्ट्रात असे निदेशक नेमलेही गेले. पुढे नेमणूक टिकविण्यासाठी त्यांतल्या अनेकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्याच कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अन्य अशैक्षणिक कामाला जुंपण्यास मनाई केली आहे. म्हणजे शनिवार आनंददायी करण्याची साधने कायद्यात पंधरा वर्षांपासून पडून आहेत. त्यांवर खर्च करावा लागतो, परिपत्रकाला तो लागत नाही, एवढाच काय तो भेद.

शहरातील महागड्या शाळांचे काही अडत नाही. तेथे कुंभाराचे चाक, नाट्यशिक्षक आणि सहलीची बस यांचा आकार शुल्कातच मिळविलेला असतो. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शाळेत शेतीचे ज्ञान द्यावे असे सांगितले, त्याच निवेदनात शिक्षकांचे पगार वाढवावेत असेही सांगितले, आणि रयतेच्या घामाचा पैसा कोणाच्या शिक्षणावर खर्च होतो, हेही रोखठोक विचारले. अभ्यासक्रम आणि अंदाजपत्रक या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या मानल्या नाहीत.

तेव्हा शासनाने एवढे तरी करावे. शंभरावर पट असलेल्या उच्च प्राथमिक शाळा किती, त्यांपैकी किती ठिकाणी आज निदेशक आहेत, आणि गेल्या वर्षी किती शनिवारी शिक्षकांना शाळेबाहेरच्या कामावर पाठविले, याचे जिल्हावार आकडे विधिमंडळात ठेवावेत. त्या सातवीच्या मुलांनी घरोघर विचारून आणलेली उत्तरे अजून त्यांच्या वह्यांतच आहेत.