शॉमबर्गच्या वाफ्यात मेथी पेरण्याआधी

पहिल्या वर्षी एप्रिलमधलं ऊन बघून मी भुललो आणि वांग्याची रोपं बाहेर लावली. एका रात्रीच्या दंवात सगळी काळी पडली. शिकागोच्या आसपास मेच्या मध्यापर्यंत असं दंव पडू शकतं. कुणी जाणत्याने हे एका वाक्यात सांगितलं असतं, पण मी विचारलंच नव्हतं.

तुम्ही विचारा. इलिनॉय विद्यापीठाचा ‘एक्स्टेंशन’ विभाग आपल्या कुक काउंटीतही काम करतो. आपल्याकडची कृषी विज्ञान केंद्रं असतात ना, साधारण तसंच. 1914 च्या कायद्याने उभी राहिलेली ही व्यवस्था सरकारी पैशावर चालते, म्हणजे तुमच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या करावरसुद्धा. वाफा चार बाय आठ फुटांचा का असेना, लाजू नका. तिथे कुणी मेहेरबानी करत नाही.

सगळ्यात आधी विचारायचं ते शिशाबद्दल. 1978 पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसं असायचं, पेट्रोलमध्येही असायचं. जुन्या भिंतीलगतच्या, रस्त्याकडेच्या मातीत ते अजून असू शकतं आणि डोळ्यांना दिसत नाही. मेथी-कोथिंबिरीला माती चिकटून येते, लहान पोरं मातीचे हात तोंडात घालतात, आणि शिशाचा घाव बसतो तो त्यांच्या मेंदूवर. प्रयोगशाळेतून माती तपासून घ्यायला थोडे डॉलर पडतात. रिपोर्टमधले आकडे कळले नाहीत तर तो कागद घेऊन एक्स्टेंशनकडे जा. शिसं निघालं म्हणून लगेच हात टेकू नका. लाकडी चौकट करून बाहेरची स्वच्छ माती भरली तरी भाजी घेता येते.

पण संशोधकांनाही आपल्याकडून काही हवं असतं. दोडका, गवार इथल्या हवेत कशी येते हे तुम्हाला हाताने माहीत आहे. म्हणून चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवा. शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या हेरून त्यांनी एचएमटी हे भाताचं वाण तयार केलं. 1994 मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बी नेलं आणि 1998 मध्ये पीकेव्ही-एचएमटी नावाचं वाण आणलं. आपलं श्रेय मिळावं म्हणून दादाजी वर्षानुवर्षं झगडले. 2018 मध्ये ते गेले.

तेव्हा कुणी तुमच्या वाफ्यात प्रयोग करू म्हणालं तर जरूर करा, पण आधी विचारा: माझं नाव कुठे येणार, बी कुणाकडे राहणार, माझ्या तासांचे पैसे किती? उत्तर कागदावर घ्या. कागदातलं इंग्रजी जड वाटलं तर सही करायला दोन दिवस मागा आणि कुणाकडून तरी वाचून घ्या.