सहा घागरींखालचा पोपट

स्कॉटलंडमधला एक जुना किल्ला काटेरी वेलींनी गिळला आहे. वेली अजून वाढताहेत आणि आत कुठेतरी एक राजकन्या शतकानुशतकं झोपून आहे. तिला शोधायला आलेल्या गुप्तहेराला प्रत्येक दार बंद मिळतं, आणि प्रत्येक दाराची किल्ली तुकडे होऊन विखुरलेली. हे सगळं सध्या भोपाळमधल्या आमच्या अरेरा कॉलोनीतल्या घरात घडतंय, भर मे महिन्यात, जेवणं झाल्यावर, पडदे ओढून आणि कूलर लावून.

खेळाचं नाव 'डार्क पॅरेबल्स : कर्स ऑफ ब्रायर रोझ'. ब्लू टी गेम्स या स्टुडिओनं २०१० मध्ये काढलेला, म्हणजे संगणकाच्या दुनियेत पुरातनच. इंदूरहून सुट्टीला आलेल्या भाचीनं तो लॅपटॉपवर टाकला, लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि दिवाणावर आडव्या झालेल्या माझ्या आईला म्हणाली, "आजी, झोपू नकोस, राजकन्येला उठवायचंय."

पडद्यावर एक खच्चून भरलेलं चित्र येतं. मोडकी खुर्ची, मेणबत्त्या, मुखवटे, पक्ष्याचा पिंजरा, भिंतीवरची नक्षी, आणि या पसाऱ्यात दडवलेल्या वस्तू. बहुतेक खेळांत खाली वस्तूंच्या नावांची इंग्रजी यादी असते. या मालिकेची खुबी अशी की इथे बरेचदा नावांऐवजी तुकड्यांची चित्रं दिसतात. एकाच वस्तूचे सगळे तुकडे हुडकले की ते जुळून एक पदक होतं, एखादी मूर्ती होते, आणि तीच पुढच्या दाराच्या खाचेत बसते. त्यामुळे इंग्रजी न वाचणारी आईसुद्धा आमच्या बरोबरीनं खेळू शकते. खरं तर आमच्यापेक्षा सरस खेळते. आयुष्यभर तांदळातले खडे वेचलेली नजर आहे ती. भाची माउस फिरवत भिरभिरत असते; आई चित्राच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून ओळीनं पाहत जाते आणि मधेच बोट दाखवते, "तो पडद्याच्या चुणीत बघ." तुकडा तिथेच असतो.

मला या खेळाची शांतता आवडते. इथे कुणाला गोळ्या घालायच्या नसतात, घड्याळाशी शर्यत नसते. चित्रापुढे हवं तितकं थांबता येतं. चित्रकारांनी जीव ओतून रंगवलेली ही दृश्यं म्हणजे पाहण्याची शाळाच, आणि माझ्या मते ती आजच्या मुलांना लाभायलाच हवी.

लपलेल्या वस्तू शोधायच्या या खेळप्रकाराला बाजारात बळ मिळालं २००५ मध्ये, सिअ‍ॅटलच्या बिग फिश गेम्स कंपनीच्या 'मिस्ट्री केस फाइल्स : हंट्सव्हिल'पासून. पुढे शेकडो खेळ आले. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडीनं २०१४ मध्ये 'ग्रिम लेजंड्स' काढला. त्यात ऐन लग्नात एक अस्वल नवरीला पळवून नेतं. हे खेळ घेणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांचा भरणा मोठा, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुपारच्या एखाद्या मोकळ्या तासात बाईला परीकथेत शिरायची इच्छा होते आणि ती कुणीतरी ओळखली, पुरी केली.

छापील पानांवर ही शोधाशोध आधीपासून होतीच. त्यातलं सगळ्यात विलक्षण पुस्तक म्हणजे किट विल्यम्स या इंग्रज चित्रकाराचं 'मास्करेड', १९७९ सालचं. चंद्रानं सूर्यासाठी ससा धाडल्याची परीकथा आणि सोबत पंधरा चित्रं. त्या चित्रांत खऱ्याखुऱ्या सोन्याच्या सशाचा ठावठिकाणा दडवलेला; ससा विल्यम्सनं स्वतः घडवून इंग्लंडमध्ये जमिनीत पुरला होता. हजारो लोक कुदळ-फावडी घेऊन निघाले. १९८२ मध्ये ससा एकाच्या हाती लागला. मग १९८८ मध्ये उघड झालं, की त्या माणसानं कोडं सोडवलंच नव्हतं; विल्यम्सच्या जुन्या परिचयातून आतली खबर त्याच्यापर्यंत पोचली होती. ज्यांनी चित्रं वाचून उत्तर खरोखर काढलं होतं, ते भौतिकशास्त्राचे दोन शिक्षक रिकाम्या हातानं राहिले. ही हकीकत वाचली की मला आजही चीड येते. शोधात मदत मिळावी, जरूर मिळावी, पण ती कुठून आणि कशाच्या बदल्यात मिळाली याला अर्थ असतो.

हा मुद्दा आमच्या घरात आईनं काढला, तो वेगळ्याच वाटेनं.

एका दुपारी कोडं अडलं. भाचीनं 'हिंट'चं बटण दाबलं, पडद्यावर चमक उठली, तुकडा सापडला. बटण रिकामं झालं आणि थोड्या वेळात आपलं आपण पुन्हा भरलं. आईनं विचारलं, "हे सांगतं कोण?" भाची म्हणाली, "कुणी नाही आजी, कंप्युटर." आईचं समाधान झालं नाही. "गोष्टीत असं कुणी फुकट सांगत नाही," ती म्हणाली, आणि मग तिनं भाचीला राक्षसाची गोष्ट सांगितली, ज्याचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो.

महाराष्ट्रात ही गोष्ट आजीकडून ऐकली नाही असं मूल एके काळी नसेल. तिचं एक फार जुनं छापील रूप मेरी फ्रियरच्या 'ओल्ड डेक्कन डेज' या १८६८ च्या पुस्तकात आहे. मेरी ही मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची मुलगी. १८६५-६६ च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर असताना तिनं या गोष्टी आपल्या आयेकडून ऐकून उतरवल्या. आयेचं नाव अ‍ॅना लिबराटा डिसूझा. तिला त्या तिच्या आजीनं सांगितलेल्या. पुस्तकात अ‍ॅनाची स्वतःची हकीकतही आहे, आणि माझ्या लेखी ती गोष्टींइतकीच मोलाची आहे. नोकरी करून मुलं वाढवणाऱ्या त्या बाईच्या स्मरणावर सारं पुस्तक उभं आहे.

त्यातली पहिलीच गोष्ट पंचकिन जादूगाराची. त्याचा प्राण कुठे? दूर ओसाड मुलखात घनदाट जंगल, जंगलात ताडांचं रिंगण, रिंगणाच्या मधोमध पाण्यानं भरलेल्या सहा घागरींची उतरंड, सहाव्या घागरीखाली छोटा पिंजरा आणि पिंजऱ्यात हिरवा पोपट. एकात एक दडवलेली जागा, प्रत्येक पायरीवर नवा अडथळा. लपलेल्या वस्तूच्या खेळाचा याहून नेटका आराखडा आजचा कुठला स्टुडिओ काढील?

पण या पोपटाच्या शोधात निघालेला राजपुत्र तिथे पोचतो कसा? जंगलाभोवती पहारा आहे, जवळ जाणारा मरतो. वाटेत तो एका झाडाखाली टेकतो. एक साप गरुडाच्या पिलांकडे सरपटत चाललेला दिसतो, तेव्हा तो सापाला मारतो. त्या वेळी त्याला पोपटही आठवत नसतो आणि बक्षीसही. ती पिलंच मग त्याला पंखांवर घेऊन पहाऱ्यावरून पार नेतात.

आईचं म्हणणं हेच. गोष्टीत मदत मिळते, कारण आधी कुणासाठी तरी थांबलेलं असतं. मुंगी, मासा, म्हातारी, गरुडाची पिलं, ज्याच्यासाठी थांबलात तोच पुढे वाट सांगतो. खेळानं परीकथेतलं शोधणं घेतलं, तिचे किल्ले आणि शाप घेतले, आणि हा भाग मात्र बटणात घालून टाकला. मला वाटतं, आईनं या खेळांचं नेमकं उणं पकडलं. कथेत नायक मोठा होतो तो शोधामुळे जितका, तितकाच अशा थांबण्यामुळे. तेच काढलं की उरतो तो फक्त तरबेज डोळा.

कुणासाठी थांबल्यावरच मदत मिळेल असा खेळ करता येईल का? भाची म्हणाली, येईल. मग मी तिला आमच्या भोपाळची गोष्ट दिली.

अकराव्या शतकातल्या राजा भोजाला त्वचेचा रोग जडला. वैद्य हरले. एका साधूनं सांगितलं, ३६५ प्रवाहांचं पाणी एकत्र येईल असं तळं बांध आणि त्यात स्नान कर. राजाचे स्थापत्यकार बेतवा नदीच्या काठी जागा शोधून आले. मोजदाद झाली आणि प्रवाह भरले ३५९. सहा कमी. तेव्हा कालिया नावाच्या गोंड सरदारानं एका अदृश्य नदीचा पत्ता दिला. तिचे प्रवाह मिळाले आणि आकडा पुरा झाला. अनुपम मिश्र यांनी 'आज भी खरे हैं तालाब'मध्ये ही कथा सांगितली आहे. त्या नदीला कालियाचंच नाव मिळालं, कलियासोत. आमच्या कॉलोनीतून शाहपुऱ्याच्या बाजूनं निघालं की कलियासोतचं धरण काही लांब नाही. चांगल्या पावसात भदभद्याचे दरवाजे उघडले की मोठ्या तलावाचं पाणी तिकडेच धावतं, आणि मग कलियासोतचे तेरा दरवाजे पाहायला अर्धं शहर गाड्या काढून जातं.

दंतकथा आहे, इतिहास म्हणून सांगत नाही. पण तिच्यात यादी आहे, मोजणी आहे, न सापडणारे शेवटचे सहा आहेत, आणि वाट दाखवणारा माणूस जंगलातला आहे. भीमबेटकाचंही काहीसं असंच झालं. १८८८ मध्ये किंकेड या इंग्रज अधिकाऱ्यानं स्थानिक आदिवासींकडून मिळालेल्या माहितीवरून त्या जागेची नोंद केली, तीही बौद्ध स्थळ म्हणून. मग १९५७ मध्ये, नीमचला जन्मलेले आपले पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर भोपाळकडे येताना गाडीच्या खिडकीतून ते खडक पाहतात, उतरून चालत जातात आणि शैलचित्रांचा खजिना जगासमोर येतो. तिथल्या 'झू रॉक'पुढे मी भाचीला उभं करणार आहे. एका चित्रावर दुसरं, त्यावर तिसरं, वेगवेगळ्या काळातल्या हातांनी काढलेलं. पहिल्या नजरेला लाल-पांढरा गोंधळ दिसतो. जरा थांबलं की हरीण सुटं होतं, मग हत्ती, मग गवा.

युरोपातल्या परीकथांवर इतके सुंदर खेळ निघाले, याचा मला हेवा वाटतो आणि आनंदही. झोपलेल्या राजकन्येला पेरो, ग्रिम बंधू आणि आता हे स्टुडिओ असे पुनःपुन्हा सांगणारे मिळत गेले. पंचकिनला, कालियाला का मिळू नयेत? चित्रकार आपल्याकडे आहेत, प्रोग्रॅमर तर घरोघरी आहेत. इथल्या गोंड चित्रकारांच्या रेषांमध्ये हरणाच्या शिंगांतून झाड उगवतं आणि झाडातून पक्षी. लपलेल्या वस्तूंच्या खेळासाठी याहून योग्य शैली कुठे शोधायची?

भाचीनं वहीत पहिलं दृश्य आखायला घेतलंय. ३५९ प्रवाह नकाशावर निळे, सहा जागा कोऱ्या. हिंटच्या जागी कालिया, आणि तो वेळ गेल्यानं भरणार नाही, खेळणाऱ्यानं काहीतरी केल्यावरच बोलेल. काय केल्यावर, यावर दोघींचं अजून जमलेलं नाही. भाची म्हणते, राजानं आधी जखमी जनावरं वाचवावीत, गोष्टीतल्यासारखी. आई म्हणते, राजानं स्वतः कालियाच्या गावी जावं, आणि नवं तळं भरल्यावर त्याची गावं पाण्याखाली जाणार नाहीत हे आधी सांगावं. नाही सांगितलं तर कालियानं नदी का दाखवावी?