विषशास्त्र रुग्णाच्या खाटेपाशी

‘विंचू चावला’ या दोन शब्दांमागचे भय कोकणातील जुन्या पिढीला समजावून सांगावे लागत नाही. जांभ्याच्या फटीतून वा भाताच्या पेंढ्यातून निघालेला लाल विंचू धडधाकट माणसाचा जीव घेई. आधी मांत्रिक, मग दवाखाना, हा क्रम ठरलेला. आणि दवाखान्यातही नेमका उपाय नव्हता. गंभीर विषबाधा झालेल्या शंभरांतील सुमारे तीस रुग्ण दगावत.

महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली रुजू झालेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी हे मृत्यू दैवाच्या खाती टाकले नाहीत. रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी घाम, उलट्या, थंड पडणारे हातपाय आणि रक्तदाब यांच्या नोंदी केल्या. विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर असह्य भार येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. हा क्रम उलगडला, तेव्हा औषधही दिसले. उच्च रक्तदाबासाठी वापरली जाणारी ‘प्राझोसिन’ची स्वस्त गोळी नेमका हाच भार हलका करते. ही निरीक्षणे १९८२ आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. वेळेवर उपचार मिळणाऱ्यांतील मृत्यूचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले.

डॉक्टर तेथेही थांबले नाहीत. गोळी विषाचे परिणाम रोखते, विष नष्ट करत नाही. म्हणून ७० रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. प्राझोसिनच्या जोडीला विंचूदंशावरील प्रतिविष दिलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के रुग्ण दहा तासांत बरे झाले. केवळ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. २०२२ साली या साधनेचा ‘पद्मश्री’ने सन्मान झाला.

सर्पदंशाबाबत मात्र हे वर्तुळ अजून अपुरे आहे. २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर आपले प्रतिविष बेतलेले आहे. त्यासाठी लागणारे विष अनेक दशके प्रामुख्याने तामिळनाडूतील इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येत आले. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. एका प्रांतात गुणकारी ठरलेली कुपी दुसऱ्या प्रांतात कमी पडू शकते. मग मात्रा वाढते आणि तिच्याबरोबर तीव्र प्रतिक्रियेचा धोकाही.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय आराखडा २०२४ साली जाहीर झाला. संकल्प स्तुत्य आहे. परंतु प्रदेशनिहाय विषाचा अभ्यास, त्यावर बेतलेले प्रतिविष आणि ते टोचण्याचा आत्मविश्वास असलेला ग्रामीण डॉक्टर, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याविना तो कागदावरच राहील. भातकापणीला उतरणाऱ्या शेतकऱ्याचा जीव शोधनिबंधाने वाचत नाही. त्या ज्ञानाला त्याच्या खाटेपर्यंत चालत यावे लागते. बिरवाडीत ते आले होते. अन्यत्र का येऊ नये?