पादचाऱ्यास वर्षाकाठी एकच दिवस?

पुणे महानगरपालिकेने २०२१ साली ११ डिसेंबर हा ‘पादचारी दिन’ म्हणून पाळला व त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांस बंद केला. ज्या रस्त्याने एरवी अंग चोरून चालावे लागते, त्याच्या मधोमध वृद्ध माणसे निर्धास्तपणे चालू लागली. परंतु दिवस सरला आणि रस्ता पुन्हा पूर्वपदावर आला. पाहुण्याप्रमाणे एक दिवस सत्कार करून पादचाऱ्यास उरलेले वर्षभर कडेला ढकलावयाचे, ही रीत आता पुरे झाली, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

तत्त्वाचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. उणीव आहे ती निर्धाराची.

व्यापाऱ्यांची धास्ती मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. गाडी दाराशी आली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही, ही भीती पोटाची आहे. कोपनहेगनच्या स्ट्रॉगेट या बाजाररस्त्यावर १९६२ साली वाहनबंदी झाली, तेव्हा तेथील दुकानदारांनीही हीच ओरड केली होती. पुढे तोच रस्ता त्या शहराची गजबजलेली पेठ ठरला. शिवाय लक्ष्मी रस्त्यावर दाराशी गाडी लावून खरेदी करणारे असे कितीसे? बहुतेकांस आजही गाडी दूर लावून पायीच यावे लागते. मिनर्व्हा, आर्यन, हमालवाडा हे वाहनतळ जवळ आहेत. आणि सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो थेट मंडईपर्यंत येते. तेथून तुळशीबाग व लक्ष्मी रस्ता ही दोन्ही पायांच्या टप्प्यात आहेत.

म्हणून आमची सूचना अशी : आरंभी दर आठवड्यास एक ठरावीक दिवस हा भाग वाहनमुक्त करावा. मालाची चढउतार सकाळी दुकाने उघडण्यापूर्वी व्हावी. रहिवासी, अपंग, रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांस वाट मोकळी असावी. सहा महिन्यांनी विक्रीचा हिशेब व्यापाऱ्यांच्या संमतीने तपासून तो लोकांपुढे ठेवावा, आणि मगच पुढील पाऊल टाकावे. त्याबरोबरच शेजारच्या पेठांतील गल्ल्यांवर गाड्यांचा भार लोटला जाणार नाही, याचीही दक्षता घ्यावी. नाहीतर एकाचे सुख ते दुसऱ्याचे दुःख व्हावयाचे.

जंगली महाराज रस्त्याने आपणांस एक धडा दिला आहे. तेथे पदपथ रुंद झाले, बाके आली. परंतु जेथे देखरेख ढिली पडली, तेथे दुचाकी पदपथावर चढलीच. केवळ फरशी बसविल्याने पादचाऱ्याचे राज्य येत नाही. नियम रोजच्या रोज पाळावा व पाळवावा लागतो. पेठांची ही वस्ती मोटार येण्यापूर्वी चालणाऱ्या माणसाच्या मापानेच वसली होती. तिला तिचे माप परत देणे ही चैन नव्हे. ती शहराकडून तिला येणे असलेली बाकी आहे.