नकाराचे कारण

‘अंतर्गत धोरणानुसार अर्ज नामंजूर’ अशा चार शब्दांत क्रेडिट कार्ड मागणाऱ्याची बोळवण होते. वस्तुतः नकाराची नेमकी कारणे लेखी कळविण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांनी बँकांवर घातले. ‘अंतर्गत धोरण’ हे कारण नव्हे. ती कारणाची टाळाटाळ होय.

नकाराचे मूळ पुष्कळदा पतमाहिती कंपनीच्या दप्तरात असते. फेडलेले कर्ज तेथे थकीत दिसते, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याची थकबाकी माथी येते. अशी नोंद दुरुस्त करून मागण्याचा अधिकार २००५ च्या कायद्याने दिला. ३० दिवसांत निकाल न लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद २०२३ मध्ये झाली.

परंतु कष्टकऱ्याच्या नावावर चुकीची नोंद नसते, नोंदच नसते. मोलकरणीने आयुष्यभर उधारी चोख फेडली तरी ती वाण्याच्या वहीतच राहते. (१९६९ साली १४ बँका राष्ट्राच्या झाल्या, त्या म्हणे अशांसाठीच!) कर्ज नाकारणे हा बँकेचा व्यापारी निर्णय ठरतो, २०२१ च्या लोकपाल योजनेने तो आपल्या कक्षेबाहेरच ठेवला. कारण दडविणे मात्र व्यापारी निर्णय नव्हे, सेवेतील त्रुटी आहे. कार्यकर्त्यांनी अर्जदाराच्या वतीने भांडावे ते ह्याच मुद्द्यावर, आणि लेखी.